दाजींची शिदोरी

यंदा धोंड्याचा महिना पुन्हा जेठात आला. हा अधिकाचा महिना दर तीनेक वर्षांनी कुठल्या तरी महिन्याला चिकटून येतोच, कधी श्रावणाला, कधी आश्विनाला. पण जेठाला चिकटून आला की मला वेगळीच हुशारी येते. बाहेर ऊन रणरणत असतं, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, कूलर गरम वारा फेकतोय, आणि अशा उकाड्यात बायको अनारसे तळायला बसते. तुपात अनारसा पडला की खसखशीचा खरपूस वास घरभर होतो. मला त्यात दुसराच एक वास मिसळलेला येतो. रॉकेलचा, ग्रीसचा आणि नव्या रबराचा. बायको म्हणते, तुमचं नाक बिघडलंय. नाक ठणठणीत आहे. राग जागा झालाय, एवढंच.

हल्ली राग धरणाऱ्याला फार वाईट दिवस आले आहेत. सकाळी मोबाइल उघडावा तर कुणीतरी उगवत्या सूर्याच्या चित्रावर क्षमेचा महिमा लिहून पाठवलेला असतो. मी तो वाचतो, खाली दोन हात जोडलेलं चित्र टाकतो आणि चहा पितो. माफ करून टाकलं की मन हलकं होतं म्हणे. होत असेल. माझं मन हलकं व्हावं अशी माझी काही मागणीच नाही. त्याला थोडं वजन आहे तेच बरं आहे.

पार्किंगमध्ये दोन स्कूटींच्या मागं, भिंतीला टेकून एक सायकल उभी असते. काळी, उंच, दांड्याची. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. चेनकव्हरवर पिवळ्या रंगात त्यांचं नाव आणि पुढं 'यांजकडून सप्रेम भेट' अशी पुसट अक्षरं. रविवारी मी तिला पुसतो, चेनला तेल देतो, मागचं चाक हातानं गरकन फिरवतो आणि फ्रीव्हीलची टकटक ऐकत उभा राहतो. वरच्या मजल्यावरचे साहेब जाता-येता विचारतात, एवढी जुनी सायकल, विकून का टाकत नाही? मी म्हणतो, ही एकदा विकून झाली आहे. त्यांना काही उमगत नाही आणि मीही सांगत बसत नाही.

अक्का माझी थोरली बहीण. तिच्या सोयरिकीच्या बैठकीत पाहुण्यांनी फार काही मागितलं नव्हतं. सायकल तेवढी द्या, पण चांगल्यातली द्या, असं म्हणाले होते. अण्णांनी खरोखर चांगल्यातली घेतली. चामड्याची सीट, जाड रबराची पायडलं, हाताला भरदार लागणारी पितळी घंटी. लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरून घ्यायला ते बाजारात गेले तेव्हा घंटीही काढून बरोबर नेली. हंडे, कळश्या, पराती झाल्यावर ती कारागिरापुढं ठेवली आणि म्हणाले, हिच्यावरही घाल. मशीनची सुई कर्रर करत घंटीच्या डोक्यावर गोल फिरली आणि अण्णांचं नाव उमटलं. दाजींनी गावात सायकल फिरवली की आपलं नाव वाजेल, याचा त्यांना फार आनंद झाला होता. अण्णांचे आनंद असेच असायचे.

काही वर्षांनी दाजींनी मोटारसायकल घेतली आणि सायकल गोठ्यात गेली. त्याच सुमारास अण्णांची स्वतःची सायकल आठवडी बाजारातून चोरीला गेली. आमची जमीन थोडी आणि कोरडवाहू. त्यामुळं अण्णा दर हंगामात अंकुशनगरला साखर कारखान्यावर कामाला जायचे, आणि पाळी कधी पहाटेची, कधी संध्याकाळची. सायकलीशिवाय जमण्यासारखं नव्हतं. अक्कानं निरोप धाडला की आमची पडूनच हाय, घेऊन जा.

आता हे आमच्याकडचं वळण बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं नाही. अण्णा अक्काच्या गावी गेले तर तिच्या घरचं पाणी पिण्याआधी तिच्या हातावर काहीतरी ठेवायचे. मग सायकल अशी कशी आणणार? दसऱ्याच्या आधी ते मला घेऊन दाजींच्या घरी गेले. दाजी जेवत होते. अण्णा समोर बसले आणि म्हणाले, बोला दाजी, किती द्यायचे? दाजींनी हातातला घास खाली न ठेवता किंमत सांगितली. ती नव्या सायकलीच्या जवळपास जाणारी होती. जावयाशी घासाघीस करत नाहीत. अण्णांनी पैसे काढून दिले, स्वतःच दिलेली भेट स्वतःच विकत घेतली, आणि वर 'लई केलंत' असंही म्हणाले.

चाक फिरवून बघितलं नाही, की ब्रेक दाबून बघितला नाही. जावयासमोर त्याची वस्तू तपासून बघायची म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होतं. वेशीबाहेर आल्यावर मीच म्हणालो की घंटी बदललेली दिसती. पितळेच्या जागी पत्र्याची होती आणि वाजवली की आतून किडा मेल्यासारखा आवाज यायचा. अण्णा म्हणाले, झिजली असंल. सीट रेक्झिनची होती, पायडलं प्लॅस्टिकची होती. मी एकेक दाखवत गेलो आणि अण्णा एकेक झिजवत गेले. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "हे बघ बापू, जावयाला एक शब्द बोलायचा न्हाई. लेक तिथं नांदती आपली."

ही अट त्यांनी घातली ती कायमचीच. आमच्या घरातलं जे काही मोलाचं होतं ते दाजींच्या घरी नांदत होतं, त्यामुळं आमची तोंडं शिवलेली होती आणि दाजींना हे पक्कं ठाऊक होतं.

हलक्या मालाची एक गंमत असते. तो चमकतो जास्त. पायडलं नवीकोरी दिसतात आणि चार मैलांत त्यांचं प्लॅस्टिक तडकतं. फ्रीव्हील टकटक करतं छान, पण चढावर जोर दिला की आतला दात निसटतो आणि पाय एकदम खाली पोकळीत जातो. ब्रेकचं रबर सुपारीसारखं कडक असतं. ते चाकाला टेकतं, किंचाळतं, धरत मात्र नाही. अण्णांनी त्या सायकलीवर कारखान्याचा अर्धा हंगाम काढला. घरी आले की आधी पोटऱ्या चोळत बसायचे. माय विचारायची, सायकल जड जाती का? ते म्हणायचे, वारं उलटं होतं.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला की त्या सगळ्या टापूत मळीचा आंबूस-गोड वास भरून राहतो. रस्त्याला उसानं शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्या मागं लोंबणारे उसाचे शेंडे, चाकाखाली चिरडलेल्या कांड्यांवर घोंगावणाऱ्या माशा. कालव्याच्या पुलावरून उतरताना पुढं अशीच एक ट्रॉली होती. ट्रॅक्टरवाल्यानं अचानक वेग कमी केला. अण्णांनी दोन्ही ब्रेक दाबले. किंचाळल्याचा आवाज मागून येणाऱ्यांनी ऐकला, पण सायकल थांबली नाही. अण्णा उसाच्या शेंड्यांत घुसले आणि तिथून डांबरावर पडले. उजवं मनगट मोडलं, कपाळ फुटलं, आणि राहिलेला हंगाम घरी बसून गेला. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी एकच सांगितलं. कुत्रं आडवं आलं.

दाजीही आले विचारायला. मोटारसायकल दारात लावली, किल्ली बोटात फिरवत आत आले, बाजेवर बसले. अण्णांच्या प्लॅस्टरकडं बघून हसले आणि म्हणाले, "वय झालं आता, अण्णा. सायकल सोडा." अण्णांनी मान डोलावली, म्हणाले, व्हय, सोडावी म्हणतो. आणि मायला हाक मारून दाजींसाठी चहा सांगितला. मी तो चहा नेऊन दिला. कप त्यांच्या हातात देताना मला त्यांच्या मनगटाकडं बघायचा मोह आवरला नाही. चांगलं गोल, धडधाकट मनगट होतं.

तोवर मी त्यांना फक्त चिकट समजत होतो. त्यांचा मनापासून द्वेष करायला लागलो तो त्या उन्हाळ्यात.

बारावीची परीक्षा संपली आणि मी वाकलेली सायकल घेऊन अंबडला पारसभाऊंच्या दुकानात गेलो. त्यांचे पणजोबा कधीतरी मारवाडातून आले होते. पारसभाऊ मात्र आमच्याहून अस्सल अंबडकर. दुकानाच्या पुढं लिंबाचं झाड, त्याला टायर टांगलेले, खाली घमेल्यात पंक्चर बघायचं काळपट पाणी. त्यांनी सायकल उलटी केली, पायडल फिरवलं, ब्रेकचं रबर नखानं दाबून बघितलं आणि माझ्याकडं बघायचं टाळत म्हणाले, "हे सगळं सामान माझ्याच दुकानातलं हाय. तुमच्या दाजींनी दसऱ्याच्या आधी एकदमच नेल्तं."

मग हळूहळू बाकीचं आलं. दाजी म्हणाले होते, सायकल विकायची आहे, स्वस्तातलं स्वस्त द्या. काढलेला चांगला माल त्यांनी पारसभाऊंकडूनच धाकट्या भावाच्या सायकलीला बसवून घेतला. सीट, पायडलं, फ्रीव्हील, घंटी, सगळं. पारसभाऊंनी टोकलंही होतं. "ब्रेकच्या रबराला मी न्हाई म्हणत होतो, बापू. म्हणलं, हे बिलकुल धरत न्हाई. तर म्हणले, चालवायची कुठं आपल्याला हाय."

चालवायची कुठं आपल्याला हाय. त्यांना ठाऊक होतं कोण चालवणार ते. किंमतसुद्धा अजून ठरायची होती आणि चालवणारा ठरलेला होता. हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं आहे. आजही कुणी मला समजूतदारपणाचे चार शब्द सांगायला लागलं की मी ते मनातल्या मनात एकदा म्हणून घेतो आणि मला पुन्हा ताजंतवानं वाटतं.

मी घरी काही बोललो नाही. पारसभाऊंना म्हणालो, सुट्टीभर कामाला राहतो, पगार देऊ नका, त्या बदल्यात सामान द्या. त्यांच्याही मनाला ते लागलं असावं. ते लगेच हो म्हणाले.

त्या उन्हाळ्याची दुपार अजून माझ्या अंगावर येते. डांबर मऊ झालेलं, समोरच्या रसवंतीच्या चरकाची घुंगरं, मोसंबीच्या गाड्यावर ओल्या गोणपाटाचा वास, दूरवर देवीचा डोंगर उन्हात थरथरताना दिसायचा. दुकानात माझे हात कोपरापर्यंत काळे. दिवसभर लोकांच्या सायकली, आणि ऊन उतरलं की आमची. पहिल्यांदा ब्रेक. मऊ, चांगल्या रबराचे गुटके बसवले, त्यांच्या दांड्या सरळ केल्या, आणि मग रस्त्यावर नेऊन जोरात पळवून एकदम दाबले. सायकल जागच्या जागी उभी राहिली. माझं छातीचं हाड हँडलवर आपटलं. इतकं बरं मला बारावीच्या निकालानंही वाटलं नाही.

पुढं फ्रीव्हील आलं, त्यातले छर्रे ग्रीसमध्ये बसवताना एकही निसटू दिला नाही. मग चेन, मग पायडलं. हलक्या रिमा काढून जाड रिमा घातल्या आणि स्पोक आवळत चाकाचा डुगडुगाट काढला. सगळ्यात शेवटी चामड्याची सीट, जी पारसभाऊंनी माझा हिशेब पुरा झालेला नसतानाही काढून दिली. राग आला की माणसं हमरीतुमरीवर येतात, दोन शिव्या हासडतात आणि मोकळी होतात. मला मोकळं व्हायचं नव्हतं. पाना फिरवताना प्रत्येक नटागणिक माझा राग नीट बसत होता, आवळला जात होता. सायकल मूळच्यापेक्षा सरस झाली. घंटीची जागा मात्र मी रिकामी ठेवली. तिथं दुसरं काही बसवायचं नाही, एवढं ठरलं होतं.

आणि काढलेला प्रत्येक हलका भाग मी रॉकेलमध्ये धुऊन, फडक्यानं लख्ख पुसून पोत्यात ठेवत गेलो. पारसभाऊ म्हणाले, ते भंगारात टाक. मी म्हणालो, ज्याचं त्याला द्यायचंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि पॉलिशची डबी पुढं सरकवली.

त्या वर्षी जेठ अधिक होता. धोंड्याचं जेवण ठरलं. जावयाला लेकीसकट बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, वाण द्यायचं, आणि निघताना लेकीबरोबर शिदोरीची दुरडी द्यायची. दुरडी आमच्या घरी भरायची, पण सोडायची ती तिच्या सासरी. सासू ती ओसरीवर ठेवते, भावकीतल्या बायका जमतात, आणि सगळ्यांसमोर गाठ सोडून वाटावाटी होते. मला जे पाहिजे होतं ते एवढंच.

पण तिथं नांदायचं अक्काला होतं. तिच्या जिवावर मला सूड उगवायचा नव्हता. म्हणून एका दुपारी मी त्याच सायकलीवर तिच्या गावाला गेलो. ती विहिरीवर धुणं धूत होती. मी सगळं सांगितलं, पारसभाऊंच्या तोंडचं वाक्यसुद्धा. तिनं पिळलेलं लुगडं दगडावर ठेवलं आणि बराच वेळ सायकलीच्या रिकाम्या हँडलकडं बघत राहिली. म्हणाली, "धाकट्या दिराच्या सायकलीला हाय ती घंटी. रोज सकाळी वाजती अन् मला वाटतं अण्णाच आले."

मी विचारलं, करू का नको? तिला त्रास होणार असेल तर मी पोतं कालव्यात टाकायला तयार होतो. तिनं लुगडं झटकलं, वाळत टाकलं, आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "कर. मला काही ठाऊक न्हाई. अन् भिऊ नको, त्यांना कोणापुढं बोलता यायचं न्हाई ते." मी एवढा महिनाभर ज्याचा विचार करत होतो त्यातली मेख तिनं धुणं वाळत घालता-घालता ओळखली होती.

धोंड्याच्या दिवशी दाजी जीपनं आले, बायको-पोरं बरोबर म्हणून. नवी टोपी, टॉवेल, आहेर झाला. पाय धुताना पाणी मी घातलं. अण्णा आकडलेल्या मनगटानं त्यांच्या पानात तूप वाढत होते, धार सरळ पडत नव्हती. दाजी म्हणाले, अजून बरा न्हाई का हात? अण्णा म्हणाले, होईल हळूहळू. मी त्यांना आग्रह करकरून धोंडे वाढले. इतक्या प्रेमानं मी आजवर कुणाला वाढलेलं नाही.

दुरडी मी आधीच भरून ठेवली होती. तळाला सीट, तिच्यावर रिमा सोडून बाकी सगळं; पायडलं, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे गुटके, पत्र्याची घंटी. प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं होतं. वर नवा लाल कपडा, आणि त्याच्यावर माय आली की तिनं रचायचे ते तेहतीस अनारसे. मायनं अनारसे रचले, दुरडी सरकवायला गेली आणि थबकली. तिनं बोटानं कपडा जरासा उचलला. माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तिनं कपडा पुन्हा नीट केला, वरून फडकं बांधलं आणि गाठ अशी आवळली की रस्त्यात सुटू नये. अण्णांनी दुरडी जीपमध्ये ठेवायला उचलली आणि म्हणाले, लईच जड हाय की. माय म्हणाली, "लेकीची शिदोरी हाय. जडच असती."

जीप निघून गेल्यावर मी पारावर जाऊन बसलो. ऊन कलत होतं, पेरणीच्या आशेनं नांगरून ठेवलेली रानं तापलेली होती. दुरडी कोणत्या वळणावर असेल, वेशीत आली असेल, ओसरीवर टेकली असेल, असा मी मनानं तिच्याबरोबर चाललो होतो. भीती वाटत होती, पण दाजींसाठी नाही. अक्कासाठी.

काय झालं ते पंचमीला कळलं. अक्का माहेरी आली, मेंदीचे हात वाळवत ओसरीवर बसली आणि तिनं सांगितलं. सासूनं दुरडी सोडली. अनारसे वाटले गेले. तारीफही झाली. मग सासूनं लाल कपडा उचलला आणि पहिल्यांदा सीट बाहेर निघाली, लख्ख, कुंकू लावलेली. मग पायडलं. मग चेन, कंठीसारखी गुंडाळलेली. भावकीतल्या बायका मांडून ठेवलेल्या सामानाकडं आणि मग दाजींकडं बघायला लागल्या. धाकटा दीर उठून बाहेर निघून गेला. सासूनं घंटी हातात घेऊन विचारलं, हे काय दिलंय तुझ्या सासऱ्यानं?

दाजींना हे सामान कुठून आलं ते सांगायचं, तर ते तिथं कुणी बसवलं होतं हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी घाम पुसला. मग ते म्हणाले, "मीच मागितलं होतं."

सासूनं मान डोलावली. "मंग नीट ठेव. धोंड्याचं वाण हाय. टाकून देता येत न्हाई."

हे ऐकून मायनं पदर तोंडाला लावला. अण्णांना तोवर काहीच माहीत नव्हतं. ते उठले, माझ्याकडं एक कडक नजर टाकली, आणि पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांचा शब्द मोडला, असं त्यांचं म्हणणं. मी एक शब्दही बोललो नव्हतो, असं माझं. पण अक्का परत निघाली त्या सकाळी त्यांनी तिला दारात थांबवलं आणि हळूच विचारलं, मीच मागितलं होतं, असं म्हणले? ती म्हणाली, व्हय. अण्णा गोठ्यामागं गेले. तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज आला, दाबून ठेवलेला, मग न दाबता आलेला. त्या हंगामात ते पुन्हा सायकलीवर कारखान्याला गेले. कालव्याच्या पुलावरून उतरताना, म्हणायचे, मुद्दाम ब्रेक दाबून बघतो.

ते वाण दाजींच्या घरी माळ्यावर अजून आहे. अक्का दर दसऱ्याला ते खाली काढते, पुसते, हळद-कुंकू वाहते आणि परत वर ठेवते. कुणी विचारलं तर सांगते, आमच्या यांनी हौसेनं मागून घेतलंय. नवऱ्याला एका शब्दानं दुखवल्याशिवाय वर्षानुवर्षं ती हे करत आली आहे. आणि त्यानंतरच्या प्रत्येक धोंड्याला दाजी दुरडीची गाठ आमच्याच घरी सोडतात, हात घालून तळ बघतात, मगच उठतात. सगळे हसतात. तेही हसल्यासारखं करतात.

अण्णा गेले त्याला काही वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात बाहेर कुणाची सायकल वाजली की ते दाराकडं बघायचे. घंटीबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण हँडलवरची ती मोकळी जागा त्यांनीही कधी भरली नाही.

परवा दाजी जालन्याला आमच्या फ्लॅटवर धोंडे जेवायला आले. आता केस पांढरे, गुडघे दुखतात, लिफ्टमधून येतानाही धापा टाकत होते. मी पाय धुतले, टोपी-टॉवेल दिला, पानावर बसवलं. अक्का तूप वाढत होती. पहिला धोंडा झाला, दुसऱ्याचा घास त्यांनी उजव्या हातात घेतला आणि डाव्या हातानं शेजारची पिशवी पुढं ओढली. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढं ठेवलं. कागद सुटला. पितळ काळं पडलं होतं, पण डोक्यावर गोल कोरलेलं अण्णांचं नाव वाचता येत होतं.

म्हणाले, धाकट्याची सायकल भंगारात गेली, एवढी काढून ठेवली. मग म्हणाले, "घ्या बापूराव. मिटवून टाकू आता. किती दिवस धरून बसायचं?"

मी घंटी उचलली. अंगठ्यानं खटका दाबला. इतक्या वर्षांनीही आवाज स्वच्छ आला, लांब गेला. अक्काचा तुपाचा हात हवेत थांबला. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी आलं म्हणून काही मन द्रवलं नाही. मी घंटी पुन्हा त्यांच्या पानाशेजारी ठेवली, खिशातून पाकीट काढलं आणि समोर बसलो.

"लेकीच्या घरचं फुकट घेत न्हाईत आमच्यात," मी म्हणालो. "अण्णांनी कधी घेतलं न्हाई, मी कसं घेऊ? बोला दाजी, किती द्यायचे?"

दाजींनी हातातला घास खाली ठेवला.